जामिनावांचून ऋण

ज्या कर्जास जामीन नाहीं, तें फेडण्याचें बंधन कमी काय? पूर्वीं शिक्षणासाठीं चार लाखांपुढें कर्ज घेतांना बहुधा जामीन लागे. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांस जामिनावांचून व तारणावांचून कर्ज मिळतें. शलमोनानें जामीनकीविषयीं वारंवार बजाविलें आहे. तेव्हां शेजाऱ्याची मान सुटली याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु साडेसात लाखांपर्यंतचें कर्ज थकल्यास त्यापैकीं शेंकडा ७५ ची हमी सरकारची आहे, आणि सरकारची थैली कोणाची? ज्या विधवेचें मूल शाळेची पायरीही चढलें नाहीं, तीही साबण घेतांना त्या थैलींत कर टाकिते. तिची सही कोणीं घेतली नाहीं, तरी जामीन तीच. ज्यास नोकरीच मिळाली नाहीं, त्याविषयीं आम्ही हें लिहीत नाहीं; पगार घेऊन हप्ता चुकविणाऱ्याविषयीं लिहितों.