कुजण्याचा गुण

भांगेच्या झाडाची आठवण आपल्या समाजाला बहुधा दोनच ठिकाणी होते, महाशिवरात्रीच्या उत्सवात आणि अबकारीच्या दप्तरात. या दोहोंच्या दरम्यान त्या वनस्पतीला एक निरुपद्रवी गृहस्थाश्रमही आहे, तिच्या सालीपासून दोर व कापड आणि बियांपासून तेल व चटणी होते, हे कुमाऊं-गढवालच्या शेतकऱ्याला परंपरेने ठाऊक असले, तरी सरकारच्या लेखी तिची ओळख दीर्घकाळ नशेपुरतीच राहिली. 1893 साली इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीचा विषय गांजा, चरस आणि भांग हाच होता. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मात्र केवळ धाग्यासाठी वा बियांसाठी लागवडीचा परवाना देण्याची मुभा कलम 14 अन्वये ठेवली, आणि उत्तराखंडाने अलीकडे तिचा लाभही घेतला.

रत्नागिरीकराला या नवलाईने हुरळून जाण्याचे कारण नाही. कारण इंग्रज व्यापारी ज्याला ‘बाँबे हेम्प’ म्हणत तो आपला ताग, भांगेचा कोणीही नातलग नसून, तूर-हरभऱ्याच्या कुळातला आणि नशेच्या बाबतीत पूर्ण सोवळा आहे. भात कापल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर तो पेरीत. आणि पेरणी दाट असल्यामुळे फांद्या न फुटता त्याची खोडे पुरुषभर उंच, सरळ वाढत.

परंतु तागाचे खरे मर्म शेतात नसून डबक्यात आहे. कापलेल्या पेंढ्या साचल्या पाण्यात बुडवून त्यांवर धोंडे ठेवले, की साल आणि काष्ठ यांना जखडणारा चिकट पदार्थ सूक्ष्म जंतू खाऊन टाकतात, आणि आसपास नाक धरून चालण्याची पाळी येते. पेंढी लवकर काढावी तर साल सुटत नाही. उशीर करावा तर जंतू वाखालाही, म्हणजे सालीतल्या धाग्यालाही, सोडीत नाहीत. म्हणून जाणता माणूस एखादी काडी काढून मोडून पाही, आणि बुडख्यापासून साल अखंड निसटली म्हणजे गुडघाभर घाण पाण्यात उतरून पेंढ्या आपटू लागे. उरलेली सणकाडी चुलीत जाई. वाख मांडीवर वळला जाऊन त्याची सुतळी, दावी, शिंकी, गोणपाट आणि जाळी होत.

खारवी, दालदी, गाबीत या मच्छीमारांच्या जाळ्यांना हेच सूत लागे. ज्या कुजण्यातून धागा जन्माला आला, तेच कुजणे खाऱ्या पाण्यात पुन्हा त्याच्या पाठीस लागत असल्यामुळे, जाळी झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यात बुडवून आणि वारंवार उन्हात वाळवून मच्छीमार जन्मभर त्याच्याशी तडजोड करी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनने त्याची या जाचातून सुटका केली, आणि ज्याने हा जाच कधी सोसला नाही त्याने त्याबद्दल मच्छीमाराला बोल लावू नये. तथापि तुटून वाहवत गेलेले नायलॉनचे जाळे, धनी उरला नसतानाही, वर्षानुवर्षे मासे मारीत राहते, हेही तितकेच खरे.

ताग मात्र अजिबात नाहीसा झाला नाही. मुळांच्या गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे हे पीक आता हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलोऱ्यावर येताच, सुमारे सहा-सात आठवड्यांत, जमिनीत गाडतात. कारण पुढे खोड निबर होऊन लवकर कुजत नाही. दोराला जो चिवटपणा भूषण, तोच खताला अवगुण ठरतो, आणि मच्छीमाराच्या शिव्या खाणारे कुजणे शेतकऱ्याच्या आशीर्वादास पात्र होते.

यावरून दिसते ते इतकेच, की टिकाऊपणा हा काही निरपेक्ष सद्गुण नव्हे. वस्तूने किती काळ टिकावे आणि कोणत्या वेळी मातीस मिळावे, याचा मेळ जिथे बसतो तिथेच तिची खरी उपयुक्तता असते. भांगेच्या धाग्याचे कौतुक करणाऱ्यांनी या हिशेबात आणखी एक कलम मांडले पाहिजे. तो धागा निमूटपणे मातीस मिळेल हे मान्य. परंतु कुजत्या पाण्यातून त्याला वेगळे करण्याचे कष्ट कोणाच्या अंगावर पडणार आणि त्यांचे मोल कोण देणार? डबक्यात उभ्या राहणाऱ्याच्या मजुरीला ज्या मालाची किंमत पुरत नाही, तो माल कितीही सात्त्विक असला तरी बाजारात टिकत नाही.