ब्रेकमधील हवा

क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा श्रद्धेच्या नीतीवरील निबंध १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक जहाजमालक आहे. आपलें जहाज जीर्ण झालें असावें ही शंका तो मनांतल्या मनांत दडपून टाकतो, आणि देशांतरास निघालेलीं कुटुंबें त्यांत भरून तें समुद्रांत धाडतो. क्लिफर्डच्या मतें जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी मालक दोषीच. हा निबंध मीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविला, आणि दर वेळीं त्या मालकास लोभी ठरवून मोकळा झालों.

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत ओहायो राज्यांत भाच्याकडे गेलों होतों. त्याच्या अंगणांत एक जुनें मोटारहोम आहे. म्हणजे चूल, बिछाने असा सारा संसार पोटांत घेतलेली मोटार. हिवाळ्यांत तिकडे रस्त्यांवर बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात. त्यामुळें गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या भाच्यानें स्वतः बदलल्या होत्या. नळी सोडविली कीं आंत हवा शिरते. ब्रेकचें तेल दबत नाहीं, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. हवा मात्र दबते, आणि पेडल पोकळींत गेल्यासारखें खालीं जातें. ती हवा काढण्यास दोन माणसें लागतात. मी पेडलवर, तो गाडीखालीं. आरंभ सर्वांत दूरच्या, मागच्या चाकापासून. "मामा, दाबा. धरून ठेवा." तो निपल सैल करी, पेडल खालीं बसे, पारदर्शक नळींतून बुडबुडे बाटलींत उतरत. निपल आवळल्यावर, "सोडा." त्यापूर्वीं सोडलें तर हवा पुन्हा आंत!

दुपारीं पेडल मला टणक लागलें. दोनचार वेळां भराभर दाबलें तर हवा असूनहि तें टणक लागतें, हें भाच्यानें सकाळींच बजावलें होतें. आणि मीं भराभरच दाबलें होतें. पण ऊन कडक होतें, पाय भरून आला होता. मी म्हणालों, "झालें आतां." यांत खोटेपणा नव्हता, त्या क्षणीं मला तें खरेंच वाटत होतें. जहाजमालकाची श्रद्धाहि प्रामाणिकच होती, असें क्लिफर्ड स्पष्ट सांगतो. तें वाक्य मी इतकीं वर्षें ओलांडून जात होतों. मालक लोभी असेल. पण माझ्याप्रमाणें नुसता दमलेलाहि असूं शकेल.

पुढच्या आठवड्यांत भाचा बायकोमुलांना घेऊन डोंगराळ भागांत जाणार होता. "मामा, पुन्हा मागच्या चाकापासून," एवढेंच तो म्हणाला.

उजव्या मागच्या चाकाच्या नळींतून हरभऱ्याएवढा एक बुडबुडा निघाला. मला लाज वाटली. क्लिफर्ड म्हणाला असता, बुडबुडा निघाला नसता तरी ती तितकीच वाटावयास हवी होती. तशी ती वाटली असती असें मला छातीठोकपणें म्हणवत नाहीं. गाडीखालून पुन्हा हांक आली, "दाबा". या खेपेस मीं सावकाश दाबलें.