जमा, खर्च आणि किरकोळ

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आजोबांची वही ठेवण्याचा प्रघात आहे. आजोबांचे सेलूला सरकी-पेंडीचे लहानसे दुकान होते. दुकान केव्हाच गेले, ही एक वही तेवढी राहिली. लाल कापडी बांधणीची, लांबट, मोडी अक्षरांनी भरलेली. पहिल्या पानावर कुंकवाची बोटे आणि त्यांच्याखाली 'श्री'. मला मोडी अडखळत का होईना वाचता येते, म्हणून वर्षातून एकदा ती चाळण्याचा मान माझ्याकडे येतो.

वहीत रकमा दोन नाण्यांत मांडल्या आहेत. गावातला व्यवहार हाली रुपयात, मुंबईकडच्या मालाचा कलदारात. सहा कलदार म्हणजे सुमारे सात हाली, असा तो भाव. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान गेल्यावरही हाली नाणे आमच्याकडे काही वर्षे चालतच होते. आजोबा रोज रात्री कंदिलाशी बसून दोन्ही नाण्यांचा मेळ घालीत. रोजकीर्द लिहीत, तीवरून खतावणी उतरवीत. पैचा फरक राहिला तरी जेवायला उठत नसत, असे वडील सांगायचे. पण याच वहीत जवळजवळ प्रत्येक दिवसाखाली एक ओळ आहे : 'किरकोळ, २ आणे.' कशाचे, ते कोठेही लिहिलेले नाही. पैचा पत्ता ठेवणारा माणूस या दोन आण्यांपाशी आला की रोज गप्प का होत असेल, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला आणि त्याने माझ्या मोबाइलवर घरखर्चाचे एक ॲप घालून दिले. "बाबा, आता वही लिहायची गरज नाही," तो म्हणाला. खरोखरच नव्हती. बँकेकडून येणारे संदेश ते ॲप स्वतःच वाचते, त्यातली रक्कम उचलते आणि किराणा, वीज, औषधपाणी, प्रवास अशा खात्यांत घालते. म्हणजे कीर्द आणि खतावणी एकदमच. प्रत्येक खात्याला महिन्याची मर्यादा ठरवून द्यायची. खर्च मर्यादेपाशी पोचला की आकडा लाल होतो.

पहिल्या महिन्याने मला चांगलेच खजील केले. 'बाहेरचे खाणे' या सदराखाली १,१४० रुपये उभे होते. मी तर स्वतःला मोजूनमापून राहणारा निवृत्त शिक्षक समजत होतो. हे पैसे गेले कोठे, तर स्टँडजवळच्या हॉटेलात, चहा आणि भज्यांवर. मुलाला काटकसरीवर व्याख्यान देणारा मीच तो! त्या दिवशी मला नाथांची गोष्ट आठवली. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींनी एकनाथांकडे हिशेब सोपवला होता. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटू लागले. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडली तर केवढा होईल! आपण ही गोष्ट परमार्थाची म्हणून ऐकतो. मला तीत एक व्यवहाराचीही गोष्ट दिसते. नाथ स्वतःची चूक शोधत होते. टाळ्या पिटण्याजोगा आनंद त्यामुळेच झाला. तीच चूक शेजारच्या कारकुनाची निघती, तर टाळ्यांऐवजी बोट दाखवले गेले असते.

मी ते बोट दुसऱ्याच महिन्यात दाखवले.

मुलगा घरखर्चासाठी आईच्या खात्यावर दरमहा काही रक्कम पाठवतो. त्या खात्यालाही जोडलेला क्रमांक माझाच. खाते उघडताना बँकेत मीच गेलो होतो, अर्जावर माझाच क्रमांक लिहून मोकळा झालो होतो, आणि त्यात काही वावगे आहे असे दोघांनाही कधी वाटले नव्हते. त्यामुळे तिच्या व्यवहाराचे संदेशही माझ्याच मोबाइलवर येत आणि ॲप तेही निमूटपणे नोंदवून घेई. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एटीएममधून ७०० रुपये रोख. त्यापुढे ॲप आंधळे होते. पैसा एकदा हातात आला की त्याला काही दिसत नाही. 'रोख' एवढे लिहून ते थांबते.

ॲप थांबले, मी थांबलो नाही. रात्री जेवताना विचारले, "दर महिन्याला हे सातशे कशाला लागतात?"

तिने भाकरी वाढली, ताट पुढे सरकवले आणि म्हणाली, "लागतात."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला पैशाचा हिशेब विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. विचारायची गरजच पडली नव्हती, कारण मला काही दिसतच नव्हते. पुढच्या महिन्यात तिने पैसे काढले नाहीत. मला वाटले, झाले, गळती बंद झाली. आकडा हिरवा राहिला. घरात मात्र काहीतरी उणे झाले होते, आणि ते कोणत्या खात्यात घालावे हे मला कळत नव्हते.

गुप्त पैशाची आमच्या घरांना ओळख नाही असे नाही. भाजीच्या पिशवीतून उरलेली चिल्लर डाळीच्या डब्यात जाते, हे कोणता नवरा जाणत नाही? २०१६ साली दिवाळी संपून आठवडाच झाला होता. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी हिने हळदीच्या डब्यातून अकरा पाचशेच्या नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. पिवळ्या पडलेल्या, हळदीचा वास येणाऱ्या. मी पोट धरून हसलो होतो. ती हसली नव्हती. ते पैसे बँकेत गेले आणि पुन्हा तिच्या डब्यात आले नाहीत, हे मी त्या वेळी पाहिले नाही. त्यानंतर भाजीवालीच्या टोपलीशीही क्यूआर कोडची पाटी आली. सत्तेचाळीस रुपये झाले की सत्तेचाळीसच जातात. पन्नासाच्या नोटेतून परत येणारे ते तीन रुपयेच आता जगात उरले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बायकांचा खजिना त्या तीन रुपयांवर उभा होता. व्यवहार चोख झाला आणि डबा रिकामा झाला.

असो. सातशे रुपयांचे कोडे मी सोडवले नाही, ते आपोआप सुटले. काही कामासाठी परभणीला गेलो होतो. बसस्टँडवर एका मुलीने वाकून नमस्कार केला. धाकट्या भावाची मुलगी. भावाशी आमचे शेताच्या बांधावरून बिनसलेले आहे. सहा वर्षे येणेजाणे नाही. त्याची शेती पूर्णेकाठी, कापूस आणि सोयाबीनची. पाऊस वेळेवर आला तर आला. मुलगी परभणीला कृषी महाविद्यालयात शिकते, हेदेखील मला तेव्हाच कळले. ती म्हणाली, "काका, मोठ्या आईला सांगा, या महिन्याचे मेसचे पैसे मी शिकवणी घेऊन भरले. त्यांनी काळजी करू नये."

परतीच्या गाडीत, मानवतरोड मागे पडेपर्यंत, मी खिडकीबाहेर पाहत होतो. ज्या घराशी मी नाते तोडले होते, त्या घराशी आमचे नाते दरमहा सातशे रुपयांनी कोणीतरी टिकवून ठेवले होते. आणि मी त्याला गळती म्हणत होतो.

वाचक म्हणतील, हिने नवऱ्याला सांगायला काय हरकत होती? नवरा-बायकोत लपवाछपवी असावीच का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. कारण लपवण्यामुळे उद्ध्वस्त झालेली घरेही मी याच जिल्ह्यात पाहिली आहेत. घरधन्याने सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचा आकडा घरातल्या बाईला तो गेल्यानंतरच कळला, अशी उदाहरणे मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांत तरुण मुलांनी बापाची पुंजी घालवली आणि शेवटच्या दिवसापर्यंत घरात चकार शब्द काढला नाही, हेही आपण ऐकतो. तेव्हा 'घरात ज्याचे गुपित त्याचे त्याला' हा नियम चालणार नाही. पण 'घरात सगळ्यांचे सगळे सगळ्यांना दिसावे' हाही चालत नाही, हे मी माझ्याच ताटावर शिकलो होतो.

मग रेषा कोठे ओढायची? त्या प्रवासात मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारून पाहिला. उद्या मी नसलो, तर मी लपवलेली गोष्ट कोणाच्या अंगावर पडेल? हिने लपवलेले दान कोणाच्याही अंगावर पडणार नव्हते. फार तर एका मुलीची खानावळ थांबली असती. कर्जाचे तसे नाही. ते घेणाऱ्याबरोबर जळत नाही. म्हणून कर्ज सांगितलेच पाहिजे. दान झाकले तरी चालते. किंबहुना पुष्कळदा झाकलेलेच बरे, कारण घेणाऱ्याची मान ताठ राहते.

हा नियम मनात जुळवतो न जुळवतो तोच मला घाम फुटला. २०२१ साली एका मित्राच्या खते-बियाण्यांच्या दुकानासाठी मी पतसंस्थेत दोन लाखांना जामीन राहिलो होतो. कर्जाची मुदत सात वर्षांची. घरात मी ते सांगितले नव्हते. 'उगाच काळजी करील' ही सबब होती. खरे कारण, ती नको म्हणाली असती. आणि त्या हुशार ॲपमध्ये जामीनकीला खातेच नव्हते! पैसा खात्यातून गेलेला नाही, म्हणून त्याच्या लेखी काही घडलेलेच नाही. सातशे रुपयांचा जाब विचारणारा माणूस दोन लाख पोटात घेऊन बसला होता आणि त्याचा आकडा हिरवागार होता.

त्या रात्री मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फिटत आले का?"

"अजून मुदत आहे. हप्ते भरतोय तो."

"कागद कुठे ठेवलाय तेवढं दाखवून ठेवा," ती म्हणाली, आणि उठून गेली. एवढेच. हिशेब मागण्याची ही रीत मला ठाऊक नव्हती. पुढे काय करायचे ते कळण्यापुरता प्रश्न, आणि त्यात माझी झाडाझडती नाही.

एक शंका मात्र उरते. ती दान देत होती ते पैसे घरखर्चाचे, म्हणजे दोघांचे. मग परस्पर कसे द्यावेत? या शंकेचे उत्तर मला आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडने दिले. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईंचे. नामदेवांच्या घरी त्यांनी जन्मभर दळले, कांडले, पाणी भरले. त्या दळणाची नोंद कोणत्या कीर्दीत आहे? ती कळवळून देवालाच सांगावी लागली, आणि लोकांची श्रद्धा अशी की देव येऊन जात्याला हात लावी. आमच्या घरातही चाळीस वर्षे पहाटे पाचला चूल किंवा गॅस पेटला आहे. ॲपमध्ये खर्चाची खाती पुष्कळ आहेत. ही जमा कोठे मांडायची याची सोय नाही. मांडली असती, तर 'घरचे पैसे' म्हणून मी ज्यांच्यावर हक्क सांगत होतो, त्यांतले किती तिचे निघाले असते, हे पाहण्याची मला छाती नाही.

नाथांच्या शेजारी मला आता तुकोबा दिसतात. दुष्काळानंतर त्यांनी कर्जरोख्यांचे कागद इंद्रायणीत बुडवले, एवढे आपल्याला आठवते. चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात, ती आपण विसरतो. त्यांनी आधी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले आणि स्वतःच्या वाट्याचेच बुडवले. वैराग्य एवढे अनावर झालेले असतानाही दुसऱ्याच्या वाटणीला त्यांनी हात लावला नाही, की तू तुझ्या कागदांचे काय करणार, असे विचारले नाही. एकाने पै शोधली, दुसऱ्याने कागद बुडवले. दोघांनीही हिशेब आपल्यापुरता पुरा केला. हिशेब ठेवणे हा सद्‌गुण आहे. हिशेब मागणे हा अधिकार आहे, आणि तो गाजवण्यापूर्वी आपली वही उघडी करावी लागते.

मी ॲप काढून टाकलेले नाही. भज्यांचा खर्च त्याच्यामुळे निम्म्यावर आला आहे. बँकेत जाऊन हिच्या खात्याला हिचा स्वतःचा क्रमांक मात्र जोडून घेतला. त्यासाठी एका अर्जापलीकडे काही लागले नाही. लागली ती चाळीस वर्षे. जामीनकीचा कागद कपाटात दोघांना ठाऊक असलेल्या जागी आहे. भावाशी बांधाचा वाद आहे तिथेच आहे. तो एका गोष्टीने मिटेल असे मी म्हणणार नाही. मुलगी भेटल्याचे हिला सांगितले, निरोप सांगितला नाही. फक्त माझ्या ॲपमध्ये एक नवे खाते उघडले, 'किरकोळ', आणि त्यापुढे महिन्याची मर्यादा घातली सातशे रुपये. एक तारखेला ती रक्कम रोख काढून मी देवापुढच्या वाटीत ठेवतो. पाच-सहा तारखेला वाटी रिकामी असते. आम्ही दोघेही त्याविषयी बोलत नाही.

दिवाळीत आजोबांची वही पुन्हा पाटावर येईल. ते दोन आणे रोज कोठे जात, हे आता मला शोधायचे नाही. आजोबांना ते ठाऊक असावे, एवढे मात्र मला हल्ली वाटू लागले आहे.