शोधाचा अधिकार

हरवलेली वस्तू शोधणे हा मालकाचा हक्क होय. परंतु त्या हक्कासही मर्यादा आहे. सोय आधी सुरू ठेवली असल्यास हरवलेल्या मोबाइलचे ठिकाण नकाशावर विनामूल्य दिसते. तथापि पांडेसरा येथील गिरणीकामगारांच्या दाट वस्तीत तो ठिपका केवळ अंदाज देतो. शेजाऱ्याचा अपराध सिद्ध करीत नाही. म्हणून कोणाच्या दारी न जाता पोलिसांत तक्रार नोंदवावी व २०२३ साली देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या शासकीय सेवेद्वारे फोनचा वापर रोखावा.

त्याच साधनाने सुनेचा वा तरुण मुलाचा नकळत माग काढणे मात्र आम्हांस अनुचित वाटते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. माणूस आपला असला, तरी वस्तूप्रमाणे आपल्या मालकीचा नसतो.