मधले दोन दिवस

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली गोष्ट. २५ जुलै १९९८ ला एका घरात भांडण पेटलं आणि बायकोच्या भावाने मेहुण्याला रागाच्या भरात म्हटलं, 'जा, मर.' २७ जुलैला त्या मेहुण्याने आत्महत्या केली. बोलणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००२ मध्ये खटला रद्द झाला. न्यायालयाने म्हटलं की रागात तोंडून निघालेल्या शब्दांमागे मरण घडवण्याचा हेतू होता असं मानता येत नाही. शिवाय भांडण आणि मृत्यू यांच्यामध्ये दोन दिवस गेले होते.

न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. आत्महत्येस प्रवृत्त करणं हा गंभीर गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली येतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून केलेली मदत, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावं लागतं. आत्महत्येमागे बहुधा एकच कारण नसतं, म्हणून ही कसोटी कठोर आहे. कर्जवसुलीचा तगादा लावणाऱ्या एका कर्मचाऱ्यावरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं की केवळ शोकात बुडालेल्या नातेवाइकांच्या समाधानासाठी हे कलम लावू नये. कोणाचंही दुःख दुसऱ्याला तुरुंगात टाकायला पुरेसा पुरावा नसतं.

पण ते मधले दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. न्यायालयाने ते मोजले, कारण त्यांत आरोपीची सुटका होती. आपणही ते मोजायला हवेत, कारण त्याच दोन दिवसांत एका माणसाचीही सुटका होऊ शकली असती. कोणी परत दारात जाऊन म्हटलं असतं, 'रागात बोललो, मनावर घेऊ नको,' तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. मात्र ते म्हणायला वेळ होता.

कधी असे दिवस दोन नसतात, महिने असतात. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ ला त्यांचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून सतत अपमान केला, असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. आपण मात्र आजच स्वतःला विचारू शकतो : माझ्यासमोर रोज कोणाचा तरी अपमान होतो, तेव्हा मी कुठे पाहत असतो? ऐकून गप्प बसणाऱ्याला बहुधा कोणतंही कलम लागत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब त्याने स्वतः करायचा.

भंडाऱ्यात हा हिशेब दूरचा नाही. धान विकून पैसा हाती येईपर्यंत उधारी चालते आणि उधारीबरोबर बोलणी येतात. चौकात चार माणसांत घेतलेलं नाव, नापास झालेल्या पोराला जेवताना मारलेला टोमणा, माहेराहून काही न आणणाऱ्या सुनेला रोज ऐकवलेलं वाक्य. 'मेला तर बरं' हे तर आपण सहज म्हणून जातो. म्हणणारा झोपी जातो. ऐकणारा जागा राहतो.

२५ ते २७ जुलै हे आपल्याकडे रोवणीचे दिवस. बांधीत रोवलेले सगळे पऱ्हे जगत नाहीत. शेतकरी चार-आठ दिवसांनी पुन्हा चिखलात उतरतो आणि मेलेल्या जागी नवे पऱ्हे लावून नांग्या भरतो. पऱ्हे कोणामुळे मेले, याचा वाद तो घालत बसत नाही. उशीर केला तर पीक सारखं येत नाही, एवढं त्याला ठाऊक असतं.

या आठवड्यात तुम्ही कोणाला काय बोललात, आठवून पाहा. ज्याचा चेहरा डोळ्यांसमोर येईल, त्याच्या घरी आजच जा. तो फारच खचलेला दिसला, तर त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याजवळ बसून तुम्हीच लावा.