सूर्यमालेत नापास

मंगळाचे दोन चंद्र शोधणाऱ्या असाफ हॉल यांनी १८९४ मध्ये न्यूटनच्या नियमात एक बारीकशी दुरुस्ती सुचवली. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. हॉल म्हणाले, घातांक २ नको, २.००००००१६ धरा. कारण होतं बुध. त्याच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू दर शतकात हिशेबापेक्षा सुमारे ४३ विकला जास्त सरकत होता. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. एवढ्याशासाठी खगोलशास्त्रज्ञांची अर्धं शतक झोप उडाली होती! १८५९ मध्ये ही तफावत दाखवणाऱ्या ल व्हेरिए यांनी नियमाला हात लावला नव्हता. बुधाच्या कक्षेच्या आत न दिसलेलं काही द्रव्य असेल, असं त्यांनी मानलं. त्यात नवल नाही. युरेनसच्या बिघडलेल्या चालीवरून त्यांनीच नेपच्यूनची जागा सांगितली होती आणि १८४६ मध्ये तो तिथेच सापडला होता. बुधाच्या कक्षेच्या आतला ‘व्हल्कन’ हा कल्पित ग्रह मात्र सापडलाच नाही.

हॉल यांच्या दुरुस्तीने बुधाचा हिशेब जुळला. पण घातांक एकट्या बुधापुरता बदलता येत नाही. तो चंद्रालाही लागू होतो. अर्नेस्ट ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चंद्रगतीचं गणित पुरेसं काटेकोर केलं, तेव्हा तिथे एवढ्याशा फरकालाही जागा उरली नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनना आपल्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतातून त्याच ४३ विकला मिळाल्या, त्या एकही आकडा बुधासाठी बेतून न घेता.

तरी प्रश्न मिटला नाही. १९६१ मध्ये ब्रान्स आणि डिकी यांनी गुरुत्वाकर्षणात एक जादा क्षेत्र मिसळलं. त्याने बुधाचा आकडा थोडा घटत होता. मग डिकींनी सूर्याच्या चपटेपणाचं मोजमाप करून म्हटलं, की तीनेक विकला त्या चपटेपणाच्या खात्यात जातात; म्हणजे आइन्स्टाइनचा नेमका मेळ हा योगायोग ठरत होता. युक्तिवाद धारदार होता, पण सूर्य तितका चपटा निघाला नाही. पुढे २००२ मध्ये शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाचे रेडिओ संदेश सूर्याजवळून गेले. त्यांच्यावरचा सूर्याचा परिणाम लाखात सुमारे दोन भाग इतक्या अचूकतेने आइन्स्टाइनशी जुळला. ब्रान्स-डिकी सिद्धांतात एक स्थिरांक मोकळा असतो; तो जितका मोठा, तितका सिद्धांत आइन्स्टाइनच्या जवळ. डिकींना हा स्थिरांक पाचाच्या आसपास हवा होता. कॅसिनीनंतर तो चाळीस हजारांवर न्यावा लागला.

यानंतर सिद्धांत मांडण्याची रीतच बदलली. विश्वाच्या वाढत्या वेगाने होणाऱ्या प्रसरणासाठी नवं बल हवं, पण ते सूर्यमालेत दिसता कामा नये. म्हणून २००४ मध्ये खुरी आणि वेल्टमन यांनी सरड्याच्या नावाने ओळखलं जाणारं क्षेत्र सुचवलं: दाट द्रव्यात त्याचा पल्ला आखडतो, विरळ अवकाशात वाढतो. गणितात खोट नाही. प्रयोगशाळेतल्या निर्वात पात्रांत त्याचा माग काढता येतो आणि तसे प्रयोग झालेही आहेत. तरीही सूर्यमालेत उत्तीर्ण होण्यासाठीच बेतलेल्या सिद्धांताचं तिथे उत्तीर्ण होणं मला फारसं मोलाचं वाटत नाही.

न्यूटनच्या नियमांत बदल सुचवणारा मिलग्रोम यांचा १९८३ चा ‘मॉन्ड’ सिद्धांत दीर्घिकांसाठी होता. पण त्याच्या काही रूपांतून निघतं, की आपल्या दीर्घिकेच्या ओढीने शनीच्या कक्षेत किंचित फरक पडायला हवा. कॅसिनीच्या नोंदींत तो सापडला नाही आणि त्यातली बरीच रूपं बाद झाली किंवा अडचणीत आली. सरड्याचं क्षेत्र आणि मॉन्ड या दोहोंत मला मॉन्ड अधिक सरळ वाटतो. त्याने निदान शनीवर पकडला जाण्याची सोय ठेवली होती.