हनन्या भीतीसकट गेला



आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे. पावसाळ्यात त्यावरून नर-मादी धबधबे गर्जत कोसळतात. त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. तिथे उतरताना पाय कचरतात. उतरल्यावर मात्र माणूस कोरडा राहतो.

दमास्कसचा हनन्या असाच उतरला. ख्रिस्ती लोकांना बांधून न्यायला आलेल्या शौलाकडे जाण्यास प्रभूने त्याला सांगितले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९). हनन्या घाबरला. ती भीती त्याने लपवली नाही, प्रभूलाच सांगितली. मग तो भीतीसकट गेला आणि शौलाला भाऊ म्हणाला. तोच शौल पुढे प्रेषित पौल झाला.

आपल्यालाही मिस्साच्या वेळी आतून एखादे नाव आठवते. शेताच्या बांधावरून अबोला धरलेला सख्खा भाऊ असेल. 'त्याने दारातूनच परत पाठवले तर?' म्हणून आपण थांबतो. कदाचित तो पाठवीलही. त्याचे मन वळवणे देवाचे काम; त्याच्या दारापर्यंत जाणे आपले.

या आठवड्यात आपली भीती प्रभूला सांगू या आणि ते एक दार वाजवू या. प्रभू येशू आपणांस धैर्य देवो. आमेन.